दिसते काय वं आता?

गेल्या पावणेचार वर्षांत हा प्रश्न मला किती जणींनी विचारला याचा हिशोब नाही. चक्कीवर, दारव्ह्याच्या बाजारात, एसटी स्टँडवर, एकदा तर मयतीत. मी पण दरवेळी "हाव, दिसते नं" म्हणून मोकळी होते, कारण खरं सांगायला बसली तर तिचं दळण दळून होईल तरी माझं सांगणं संपायचं नाही. आज सकाळपासून लाइन गेली आहे, मशीनला मोटर लावल्यापासून पाय मारायची सवय मोडली, मोबाईल मात्र फुल चार्ज आहे, तर म्हटलं लिहूनच टाकू.

मी ब्लाऊज शिवते. फॉल-पिको, पोरींचे ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म पण, पण मुख्य ब्लाऊज. आणि माझ्या डाव्या डोळ्यात दुसऱ्या कोणाची तरी काच बसवलेली आहे. गावात काचच म्हणतात, दवाखान्यात कॉर्निया, पेपरात बुबुळरोपण लिहितात.

झालं ते असं. २०१९ चा ऑक्टोबर, सोयाबीन काढणं चालू होतं, थ्रेशर वावरात आलेलं आणि मजूर मिळेना म्हणून मी पण मशीनवर कापड टाकून वावरात गेली. कुटाराचा, म्हणजे भुशाचा, नुसता धुराळा, तोंडाला ओढणी बांधलेली पण डोळ्यावर काही नाही. डाव्या डोळ्यात काहीतरी गेलं, चोळलं, पाणी मारलं, घरी येऊन स्वयंपाक पण केला. दुसऱ्या दिवशी डोळा लाल, तिसऱ्या दिवशी उघडेना. शेजारच्या काकूंनी बाळंतिणीचं दूध टाकायला सांगितलं, ते मी नाही टाकलं, तेवढी अक्कल होती, पण तालुक्याच्या एका मेडिकलवाल्याने डोळे आले समजून ड्रॉप दिले ते मात्र इमानदारीने टाकले. दोन दिवस बरं पण वाटलं! पुढे कळलं की त्यात स्टेरॉइड होतं. डोळ्यात काडी-कचरा, कुटार असं झाडपाल्याचं काही गेलं की बुरशी वाढायची भीती असते, आणि स्टेरॉइड म्हणजे त्या बुरशीला खत-पाणी. लाली उतरते, दुखणं कमी वाटते, आपण खुश, आणि आत ती पसरत राहते.

यवतमाळला डॉक्टरांनी डोळा बधिर करून वरून थोडं खरवडलं, मायक्रोस्कोपखाली पाहिलं आणि बुरशीच निघाली. मग नॅटामायसिन, दर तासाला एक थेंब, रात्री पण, यांनी मोबाईलला अलार्म लावून लावून टाकले. दुधासारखे पांढरे थेंब, पापणीवर सुकले की खळ दिलेल्या कापडासारखं कडक व्हायचं. दीड महिन्याने बुरशी गेली, डोळा वाचला, पण बुबुळाच्या ऐन मधोमध फूल पडलं, म्हणजे पांढरा डाग. तोंडासमोर हात धरला तर बोटं मोजता यायची, बस.

एक डोळा चांगला आहे ना मग काय एवढं, असं लोकांना वाटते. एकदा एक डोळा झाकून सुई ओवून पहा म्हणजे कळते. सुई जिथे दिसते तिथे नसते. चहा गाळताना कपाच्या बाहेर धार. कात्री कापडाला लागायच्या आधीच हात थांबतो नाहीतर पुढे निघून जातो. एका बाईचं पैठणीचं ब्लाऊजपीस मी गळ्यापाशी बोटभर जास्त कापलं, तिने काही म्हटलं नाही पण नंतर ती आली नाही.

नागपूरच्या दवाखान्यात नाव लिहिलं आणि मागून लॉकडाऊन लागलं, तेव्हा नेत्रदानच बंद पडल्यासारखं झालं होतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये फोन आला की काच आली आहे, आज रात्रीच निघा. काढलेला कॉर्निया खास पाण्यात फ्रिजमध्ये ठेवतात, काही पाण्यात चारच दिवस टिकतो तर काहीत चौदा दिवसापर्यंत, म्हणून असा धावता फोन येतो. कळंब, देवळी, वर्धा करत पहाटे पोचलो. यवतमाळहूनच दीडशे किलोमीटरच्या घरात जाते आणि आमचं गाव यवतमाळच्याही अलीकडे.

आता ऑपरेशनचं ऐका, कारण मला ते शिवणकामातलंच वाटते. खराब झालेल्या बुबुळाचा मधला भाग गोल कापून काढतात, आठ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे शर्टाच्या बटणाहून पण लहान. त्याच्या जागी दान आलेल्या बुबुळाचा गोल बसवतात, आणि त्या गोलाला डॉक्टर लोक खरंच बटणच म्हणतात. मी विचारलं भोकाएवढंच बटण कापता का, तर म्हणाले नाही, पाव-अर्धा मिलिमीटर मोठं कापतो. मी हसायलाच लागली. बाहीचा गोल पण आपण मुंढ्यापेक्षा थोडा मोठाच कापतो, नाहीतर ओढ बसते! मग त्याला सोळा टाके, एकेक सुटा, टेन झिरो नायलॉनचे, तो धागा केसाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा पण नसेल, आणि सगळं मायक्रोस्कोपखाली. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या कापडात सोळा टाके, आणि कापड ओलं.

आता ज्यांनी कधी गोल गळ्याला पट्टी लावली आहे त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. सोळातला एक टाका जरी जरा जास्त आवळला तर काय होते? चुणी पडते. मशीनचं टेन्शन बिघडलं की कशी शिवण गोळा होते तसंच. फरक एवढाच की ब्लाऊजला चुणी पडली तर गिऱ्हाईक बोलते, आणि बुबुळाला पडली तर जगच चुणीदार दिसते. डोळ्याची नजर जमवायची जेवढी ताकद आहे त्यातली जवळपास दोन तृतीयांश एकट्या बुबुळाच्या गोलाईत असते, आतल्या भिंगाचं काम त्याच्यानंतर. तो गोल चेंडूसारखा न राहता एका बाजूने ताणला गेला, अंड्यासारखा झाला, की उभी रेघ एकीकडे आणि आडवी रेघ दुसरीकडे जमते. चष्म्याच्या नंबरात सिलिंडर म्हणतात ते हेच. माझं ऑपरेशननंतर सातच्या वर होतं.

पट्टी काढली त्या दिवशी मला फक्त उजेड दिसला आणि उजेडात हलणारे हे. अंघोळीच्या पाण्याच्या वाफेतून दिसावं तसं. आमच्या आत्याबाईंना सिनेमासारखं वाटलं होतं, पट्टी सुटली की सून रडत रडत "दिसलं दिसलं" म्हणेल. मला विचारलं, "काय दिसते वं?" मी म्हटलं धुकं. त्या यांच्याकडे वळून म्हणाल्या, "पैसे वापस देतीन का रे?" (पुढे महिनाभराने त्यांची दुसरी शंका, "त्या माणसाचं पाह्यलेलं तुले दिसते का?" आता यावर काय सांगणार. पूर्ण डोळा नाही बसवत, फक्त वरची काच बदलतात, घड्याळाची काच बदलली म्हणून काही काटे आधीच्या माणसाची वेळ दाखवत नाहीत. हे त्यांना पटलं.)

तीन महिन्यांनी बोर्ड वाचायला बसवलं तर ६/६०. म्हणजे चांगल्या डोळ्याला ६० मीटरवरून दिसते ते मला ६ मीटरवरून. सगळ्यात वरचं एकच मोठं अक्षर. माझं तोंड उतरलं. मग तिथल्या मॅडमनी डोळ्यासमोर एक काळी झाकणी धरली, तिला बारीकसं भोक, म्हणाल्या यातून वाचा. आणि मी खाली खाली वाचत गेली, ६/१८! मला वाटलं भोकात भिंग आहे. नाही, साधं भोक. बारीक भोकातून फक्त सरळ किरण आत येतात, बुबुळाच्या वेड्यावाकड्या भागातून येणारे अडतात, म्हणून चित्र साफ होते. मॅडम म्हणाल्या म्हणजे पडदा चांगला, नस चांगली, काच पण साफ आहे, गडबड फक्त आकाराची. घरी येऊन मी जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याला सुईने भोक पाडलं आणि कितीतरी दिवस ते मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. धीर सुटला की त्यातून भिंतीवरचं कॅलेंडर पाहायची. तारखा दिसायच्या, कोणत्या दिवशी एकादशी आहे ते पण. पुठ्ठा बाजूला केला की परत सगळं फिसकटलेलं.

त्या वर्षीच्या कोजागिरीला गच्चीवर दूध आटवत होतो. उजवा डोळा झाकून चंद्र पाहिला तर तीन चंद्र. एक ठळक, एक त्याच्या खांद्यावर बसलेला, तिसरा खाली लोंबत असलेला, आणि सगळ्यांना कुंकवाच्या रेघोट्यांसारखे किरण. पोरगा म्हणे आई तुझी मजा आहे. नागपूरहून परत येताना रात्रीच्या एसटीत बसायची तर समोरून येणारा ट्रक म्हणजे फुटलेला फटाका, गाडीची पूर्ण काच भरून पांढरं, ड्रायव्हरला कसं दिसत असेल म्हणून मी उगाच सीट धरून बसायची, त्याचे डोळे चांगले होते तरी. तेव्हा मला एक गोष्ट कळली की दवाखान्यातला बोर्ड फक्त "किती दिसते" विचारतो. "कसं दिसते" हे बोर्ड विचारत नाही. अंधाऱ्या खोलीत पांढऱ्यावर काळं ठळक अक्षर, त्याला काय, ते तीन झाले तरी माणूस अंदाजाने वाचून टाकते. इ आहे की एफ एवढंच तर सांगायचं. मी हुशारी करून वाचायची आणि फाइलवर लिहून यायचं की सुधारणा आहे.

सुधारणा होतीच म्हणा. त्या कोजागिरीनंतर पहिले दोन टाके काढले. त्याआधी मशीनवर हनुवटी ठेवून बुबुळाचा रंगीत नकाशा काढतात, चढ तिथे लाल, उतार तिथे निळं. सगळं सरळ-सरळ ताणलं असेल तर लाल रंगाचा नीट डमरू दिसतो, माझा डमरू मोडका होता, एक बाजू जाड, दुसरी तिरपी. लाल जिथे जास्त तिथला टाका जास्त आवळलेला, तो तोडायचा. हे मला कोणी समजावून सांगायची गरजच नव्हती, चुणी कुठे आहे पाहून तिथली शिवण उसवायची, मी रोज तेच करते. टाका काढताना दुखलं नाही, नुसतं कुठेतरी तुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिसरा चंद्र गेला होता. (चंद्र नव्हता तेव्हा, ट्यूबलाइट मोजली.)

पण शिवणकामासारखं एका दिवसात उसवून परत इस्त्री करून देता येत नाही. बुबुळात रक्ताची नसच नाही, ते हवेतून आणि पाण्यातून जगते, म्हणून जखम भरायला वर्ष-दीड वर्ष, आणि घाई करून सगळे टाके काढले तर जोड उघडायची भीती. मधे एक टाका आपोआप सैल झाला, कुसळ टोचल्यासारखं झालं, तर तो त्याच दिवशी काढायला पळावं लागलं कारण सैल टाक्यात घाण अडकते आणि तिथून जंतू शिरतात. शेवटचे टाके २०२३ च्या उन्हाळ्यात निघाले आणि सगळे निघाल्यावर मला वाटलं आता झालं, तर नजर चक्क आधीपेक्षा वाईट झाली! ताण सुटला की बुबुळ स्वतःच्या मर्जीने बसते. आणखी तीन महिने थांबा म्हणाले. इथे बरेच लोक कंटाळून दवाखाना सोडतात, एवढे भाडे, एवढे खाडे, मी पण सोडणार होती, दर खेपेला दोन दिवसाची मजुरी आणि अर्धवट ब्लाऊजवाल्या बायांची बोलणी.

मग चष्मा दिला. सिलिंडर साडेपाच. डाव्या डोळ्याने एकट्याने ६/१८ पर्यंत, पण दोन्ही उघडले की जमीन तिरपी. उजव्याला साधी काच आणि डाव्याला एवढा नंबर, दोन डोळ्यांची दोन मापाची चित्रं, डोकं कोणतं घेणार? अंगणातली पायरी मी तीन वेळा चुकली, चौथ्या वेळी चष्मा ट्रंकेत.

खरं काम केलं ते कडक लेन्सने. मऊ नाही, मऊ लेन्स बुबुळावर बसून त्याच्यासारखीच वाकडी होते. कडक लेन्स स्वतःचा आकार सोडत नाही, तिच्या आणि बुबुळाच्या मधे जो उंचसखलपणा आहे तो आसवांच्या पाण्याने भरून निघतो आणि वरून एकच गुळगुळीत गोल तयार होतो. खड्डेवाली जमीन शेण-मातीने सारवून सपाट करावी तसं. पहिल्यांदा घातली तेव्हा ६/९ वाचलं मी, पण ते जाऊ द्या, खिडकीतून समोरच्या कडुनिंबाकडे पाहिलं तर पानं सुटी सुटी होती. पानाच्या कडेचे दाते पण. चार वर्षं त्या डोळ्याला झाड म्हणजे हिरवा बोळा होता. तेव्हा मात्र मी रडली, आत्याबाई सोबत नव्हत्या, त्यांचं पाहायचं राहूनच गेलं.

लेन्सचे पैसे कापसाच्या चुकाऱ्यातून दिले. आणि आता ती माझ्या जिवाला अजून एक काम. वावरात घालता येत नाही, धूळ आत गेली तर संपलं. उन्हाळ्यात लू सुटली की पाच तासाच्या वर सहन होत नाही. साध्या पाण्याने धुवायची नाही, विहिरीच्या तर नाहीच. म्हणून मी ती फक्त शिवायला बसते तेव्हा घालते, लग्नाला जाताना नाही. बायांना वाटते मी ओळख देत नाही. बाप्पा, दिसलं तर देईन ना.

आणखी दोन गोष्टी कोणी आधी सांगत नाही. एक, त्या काचेला बरेच दिवस संवेदना नसते, नसा कापल्या जातात ना. माझ्या डोळ्यात चिलट बसलं होतं आणि पोराने सांगितलं. म्हणून आरशात रोज पाहायचं. दुसरी, हा जोड कधीच मूळच्या बुबुळाएवढा पक्का होत नाही, वर्षं गेली तरी जोराचा मार बसला तर उसवू शकतो. मी गाईची धार काढणं सोडलं, शेपटीचा भरोसा नाही.

आणि तिसरी, रिजेक्शन, म्हणजे आपलं शरीर दुसऱ्याची काच नाकारते ते. २०२४ च्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल घेऊन दारात उभी आणि मला त्यांचे चेहरे दुधाळ दिसले. डोळा थोडा लाल, उजेड टोचत होता. दवाखान्यातून पाठ करून घेतलेलं असते, लाली, उजेड सहन न होणं, धूसर, दुखणं, यातलं काहीही झालं तर वाट पाहायची नाही. मी पोरांना द्यायचा बोजारा यांच्याकडे देऊन संध्याकाळची गाडी धरली. तासातासाला स्टेरॉइड टाकलं आणि वाचली काच. हो, तेच स्टेरॉइड. बुरशीत विष आणि इथे औषध, म्हणून तर म्हणते मेडिकलवाल्याच्या हातून डोळ्यात काही टाकू नका. स्टेरॉइडने डोळ्याचं प्रेशर पण वाढते, काचबिंदू होऊ शकतो, तर प्रेशर मोजायला परत नागपूर.

दवाखान्यात बसल्या बसल्या डॉक्टरांनी एकदा सांगितलं की असं पहिलं यशस्वी ऑपरेशन ७ डिसेंबर १९०५ चं, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या, आताच्या चेक देशातल्या ओलोमौत्सला, एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरांनी केलेलं. पेशंट एक मजूर, चुना डोळ्यात जाऊन दोन्ही डोळे गेलेला. दोन्हीकडे काच बसवली, एकीकडची टिकली. मला दोन गोष्टी डोक्यात राहिल्या. एक, चुना. आमच्याकडे खर्ऱ्यासोबतच्या (तंबाखू-सुपारीच्या) चुन्याच्या पुड्या पोरं दाबून फोडतात आणि डोळा जातो, शंभर वर्षांनी पण तोच चुना. दुसरी, तेव्हा एवढा बारीक धागाच नव्हता, त्यांनी त्या बटणाला टाके घातलेच नाहीत, डोळ्याच्याच पांढऱ्या पडद्याच्या पट्ट्या वरून ओढून ते दाबून धरलं. म्हणजे पट्टी न शिवता नुसती बंदाने आवळली. आणि माणूस कामावर परत गेला म्हणे. त्याला कसं दिसत होतं, किती चंद्र दिसत होते, हे विचारायचं होतं मला.

तर आता कसं दिसते. लेन्स घालून, दिवसा, दाराच्या उजेडात, लाल कापडावर लाल धागा चालतो, हिरव्यावर हिरवा चालतो, काठाची जर दिसते, काजं करते, सुई पहिल्या-दुसऱ्या झटक्यात ओवते. संध्याकाळी सहानंतर तेच कापड सपाट होऊन जाते, घडी कुठे आहे ते हाताने पाहावं लागते. आणि काळ्यावर काळं अजिबात नाही. बोर्डावर ६/९ वाचणारा डोळा काळ्या कापडावरची काळी शिवण शोधू शकत नाही, ती मी नखाने चाचपते. हे डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले काळ्या-पांढऱ्यातला बारीक फरक ओळखणं ही वेगळी गोष्ट आहे, ती बोर्डावर येत नाही. मी म्हटलं माझ्याकडे गिऱ्हाईक बोर्ड घेऊन येत नाही, काळं कापड घेऊन येते.

संक्रांत जवळ आली आहे. दरवर्षी डिसेंबर लागला की सगळ्यांना काळी साडी आणि मॅचिंग ब्लाऊज सुचते. तर गावातल्या ज्या ज्या हे वाचतील त्यांनी ऐका, काळे ब्लाऊज मी ५ जानेवारीपर्यंतच घेईन, आणून द्यायचे ते सकाळी, आणि काळ्या मखमलीवर बारीक पायपिंग पाहिजे असेल तर दारव्ह्याला द्या. लाइन आली वाटते, पंखा फिरला.